तुटक्या पायाचा आर

कनकाबाईंना ओळखणारी जगात साधारण चारशे माणसं होती, आणि त्यांतलं एकही त्यांच्या मद्रासच्या वेलचेरीत राहत नव्हतं. कोणी टास्मानियात, कोणी कॅनडात, दोघं-तिघं यॉर्कशायरच्या आसपास. सगळे जुन्या लष्करी रायफली जमवणारे. रायफलीबद्दल एकमेकांना सांगायला त्यांच्यात जाणकार पुष्कळ होते. कनकाबाईंकडे ते यायचे ते बारीकसारीक वस्तू घेऊन. दस्त्याच्या पोटात ठेवायची तेलाची पितळी बाटली, नळी पुसायच्या दोरीला लावलेलं वजन, नळीच्या तोंडावरचं झाकण, खांद्याच्या पट्ट्याचं बकल. फोटो पाठवायचे आणि विचारायचे, हे कोणी बनवलं?

सकाळी साडेपाचला दूध तापवून, कॉफी गाळून, कनकाबाई लॅपटॉप उघडायच्या. खालच्या रस्त्यावर पाण्याच्या कॅनचा टेंपो यायच्या आत दोन-तीन उत्तरं लिहून व्हायची. बाटलीच्या झाकणावर बोटांची पकड बसावी म्हणून पाडलेली खरड बारीक आहे की जाड, आतला चिमुकला चमचा डाख देऊन बसवलाय की रिव्हेट मारून, सांधा उजव्या अंगाला आहे की डाव्या, एवढ्यावरून त्या सांगायच्या की हा माल कलकत्त्याकडचा, हा लाहोरचा, आणि हा इंग्लंडहून आलेला, फक्त झाकण इथलं. मंडळी आभार मानायची. ‘थँक यू, मिस्टर बाई’ असंच बहुतेक लिहायची. के. बाई या सहीतलं बाई हे त्यांना आडनाव वाटायचं. पहिल्या वर्षी कनकाबाईंनी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

नजर ही त्यांची नोकरीतली कमाई. आधी गिंडीला आणि मग अठरा वर्षं इरुंगाट्टुकोट्टैच्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्या मापनखोलीत होत्या. वातानुकूलित खोली, बाहेर चपला काढायच्या, आत काचेच्या पडद्यावर नटबोल्टाची सावली वीसपट मोठी करून बघायची. कनका मॅडमनी नापास केलं म्हणजे नापास, मग प्रॉडक्शनवाल्यांनी कितीही हात जोडोत. लग्न झालं नाही; आधी बाबा आजारी, मग आई. पुराच्या वर्षी आई गेली. खालचा मजला बुडालेला, दुसऱ्या मजल्यावर तीन दिवस वीज नाही, पाणी नाही, आणि अंथरुणातली आई विचारत होती की समुद्र इतका जवळ कधी आला. पाणी ओसरल्यावर महिन्याभरात ती गेली. पुढच्याच वर्षी कनकाबाई निवृत्त झाल्या. धाकटा भाऊ मुरली अमेरिकेत. रविवारी फोन करायचा. दोघं तमिळमध्ये बोलायची, मधून इंग्रजी. आई असेपर्यंत घरात तंजावरी मराठी होती. ती बोलायला आता घरात कोणी उरलं नव्हतं.

आईचं सामान आवरताना शिवणयंत्राच्या खणात तेलाची बाटली सापडली. अंगठ्याएवढी, पितळेची, झाकणाला आतून चमचा. बाबांनी, चंद्रमौळीरावांनी, ती पुदुपेट्टैच्या भंगार बाजारातून आईसाठी आणली होती. बाबा एका प्रशिक्षण पलटणीच्या शस्त्रगोदामात कारकून होते, त्यामुळे ती बाटली मुळात कशाची हे त्यांना पक्कं माहीत होतं. आईला तिच्यातून शिवणयंत्रात तेल घालता येत होतं, तेवढं पुरे होतं. कनकाबाईंनी बूड घासून पुसलं तर खाली तीन अक्षरं आणि एक आकडा दिसला. आर, एम, डब्ल्यू आणि ४२. आर या अक्षराचा उजवा पाय तुटका होता. ठशाचाच तुकडा उडालेला असणार.

त्यांनी इंटरनेटवर शोधलं. जुन्या रायफली जमवणारे जिथे फोटो टाकून चर्चा करत, त्या मंडळात अशा बाटलीचा फोटो होता, खाली लिहिलं होतं, ‘मद्रास, बनवणारा अज्ञात.’

अज्ञात या शब्दाचा कनकाबाईंना राग आला. ही वस्तू कोणीतरी लेथवर बसून घडवली, कोणीतरी डाख दिला, कोणीतरी तपासून पास केली. मग अज्ञात कसा? एग्मोरच्या जुन्या ग्रंथालयात त्या चार महिने जात राहिल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराच्या एका व्यापारी सूचीत त्यांना रॉयपुरम मेटल वर्क्स हे नाव मिळालं. बादल्या आणि कंदील बनवणारा कारखाना, केव्हाच बंद पडलेला. अक्षरं जुळत होती. कनकाबाईंनी मंडळात लिहिलं, ‘बहुधा रॉयपुरम मेटल वर्क्स.’

मंडळात आनंदीआनंद झाला. यॉर्कशायरच्या एका गृहस्थांनी अशा वस्तूंवर एक पुस्तिका छापली होती. तिच्या नव्या आवृत्तीत त्यांनी ते नाव घातलं आणि ‘शोध : के. बाई, मद्रास’ असं आभारात लिहून एक प्रत टपालानं पाठवली. कनकाबाईंनी ती चार वेळा वाचली. पाचव्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की त्यांचा ‘बहुधा’ गळलाय. कळवायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव छापून आलं होतं, आणि अंदाज काही वाईट नव्हता. त्यांनी कळवलं नाही.

सात वर्षं गेली. बाटल्या विकणारे आता ‘खात्रीची रॉयपुरम’ अशी जाहिरात करायचे.

मग गेल्या वर्षी तमिळ आवणी महिन्यात, ऑगस्टच्या अखेरीस, शोळिंगनल्लूरला बारसं होतं. कनकाबाईंच्या चुलतभावाची सून कीर्तना, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी, तिच्या मुलीचं. चौदाव्या मजल्यावरचं घर, खाली जुन्या महाबलीपुरम रस्त्याची वाहतूक. पाळण्याभोवती बायका तमिळमध्ये गप्पा मारत होत्या, तरुण मंडळी इंग्रजीत. कनकाबाईंना कोणी विचारलं, रिटायरमेंटनंतर काय करता? त्या म्हणाल्या, जुन्या वस्तू ओळखते. विचारणारीनं ‘नाइस’ म्हटलं आणि ती फोटो काढायला गेली.

जेवण झाल्यावर त्यांना एका कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं. तिथे कीर्तनाची आजी होती. सईबाई, वय अठ्ठ्याऐंशी. गुडघ्यांनी साथ सोडलेली, कान मात्र तल्लख. पलंगाच्या कडेला बसून ती पान लावत होती.

“कोन गे तू?” तिनं विचारलं.

“कनका. वेलचेरीची. चंद्रमौळीरावांची लेक.”

“मराठी बोलत्येस की! हिंगे बस, हिंगे, माझ्याजवळ. बाहेर अस्के इंग्लिस.”

कनकाबाई बसल्या. कितीतरी वर्षांनी ही बोली, सगळ्यांना अस्के म्हणणारी, कानावर पडत होती. तिचे ते तमिळ हेल, शेवटी वर चढणारे. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्या पानाच्या तबकाकडे बघत राहिल्या. तबकात चुन्याची पितळी डबी होती. झाकणावर खरड होती. चौकटीचौकटीची, आणि कडेला जिथे सुरुवात आणि शेवट भेटतात तिथे एक चौकट अर्धीच. कनकाबाईंनी विचारायच्या आधीच डबी उचलली, उलटी केली आणि चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली.

आर. एम. डब्ल्यू. आरचा उजवा पाय तुटका.

“अक्का,” त्या म्हणाल्या, “ही डबी कुठली?”

“बाबांनी केली.”

“तुमचे बाबा?”

“मण्णडीत आमचं दुकान. राममूर्ती मेटल वर्क्स. बोर्डावर मोठं, आत एक लेथ!” सईबाई हसली. “कुंकवाच्या डब्या, चुन्याच्या डब्या, देवाचे पंचपाळे. अस्क्यावर तो ठसा मारायचे.”

 त्यांनी डबी तबकात ठेवली. पिशवीत भिंग होतं, काढायची गरज नव्हती.

“लढाईच्या वेळी काही वेगळा माल केला होता का? बाटल्या? एवढ्या, अंगठ्याएवढ्या?”

सईबाईचं पान तसंच हातात राहिलं. “तुला कोन सांगितलं?”

मग ती सांगू लागली. तेव्हा ती सहा वर्षांची होती. जपानी बाँब टाकणार म्हणून मद्रास रिकामं होत होतं, दुकानातले कामगार अस्के गावाला पळाले. एका ठेकेदाराकडून सरकारी काम आलेलं, मुदत जवळ. बाबा लेथवर एकटे. मग आई आणि विधवा आत्या, दोघी मागच्या पडवीत डाख द्यायला बसल्या. बाटलीच्या झाकणाला आत इवलासा चमचा बसवायचा. मोठ्या माणसाच्या बोटांत तो सरळ राहत नसे, म्हणून सई चिमट्यानं धरायची आणि आई डाख द्यायची. एकदा चिमटा सुटला. सईबाईनं डावा हात पुढे केला. करंगळीच्या मुळाशी पांढरट खूण होती.

“मी रडले. आई म्हणाली, रडू नको, तिकडे लढाईत कुणाच्या तरी पोरग्याला ताप येईल, ह्याच चमच्यानं त्याला औषध देतील. मग मी परत धरला चिमटा. किती केल्या! रोज केल्या. देवापुढे एक ठेवायची आई, सगळ्यांना गुण येऊ दे म्हणून.”

बाहेर पाळण्याजवळ कोणीतरी टाळ्या वाजवल्या.  डाखाचा तो किंचित जाड थर, जो त्यांनी सात वर्षांपूर्वी ‘अननुभवी कारागीर’ असं लिहून नोंदवला होता, तो कनकाबाईंच्या डोळ्यांपुढे होता.

“औषधाच्याच ना ग त्या?” सईबाईनं एकदम विचारलं. “तू ओळखत्येस म्हणे जुन्या वस्तू. तू सांग.”

हो म्हणणं सोपं होतं. कनकाबाईंनी तोंड उघडलंही. पण आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं होतं, आणि हो म्हणायचं असेल तर ते खरं असावं लागतं, एवढंच त्यांना येत होतं. त्या ‘बहुधा’ची टोचणीही होतीच.

“तेलाच्या होत्या, अक्का.”

“कसल्या तेलाच्या?”

“बंदुकीच्या. बंदूक गंजू नये म्हणून तिच्या पोटात ठेवायच्या.”

सईबाईनं नजर पानाकडे वळवली. पानाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग दाराकडे बघून, आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “आईला सांगू नको हं.”

कनकाबाईंनी तिच्याकडे बघितलं. तिच्या आईला जाऊन पन्नास वर्षं तरी झाली असतील. त्यांनी मान हलवली. सांगत नाही म्हणाल्या. मग पुस्तिकेचं, कॉम्प्युटरातल्या मंडळाचं आणि तिथे आपण घातलेल्या रॉयपुरमच्या नावाचंही सांगितलं.

“आणि तुझ्या त्या पुस्तकात, कॉम्प्युटरात, आमचं नाव घालू नको. औषध म्हणून केलं तिनं.”

कीर्तना कॉफी घेऊन आली तेव्हा दोघी दोन दिशांना बघत बसल्या होत्या. “अज्जी, दमलीस का?” तिनं विचारलं. सईबाई म्हणाली, नाही ग, डोळ्यांवर झोप आलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कनकाबाईंनी मंडळात लिहिलं. इंग्रजी साधं, त्यांच्या जुन्या तपासणी अहवालांसारखं. ‘आर.एम.डब्ल्यू. ही रॉयपुरम मेटल वर्क्स नव्हे. ती ओळख माझी होती आणि ती चुकीची आहे. या बाटल्या मद्रासमधल्या एका घरगुती कारखान्यात झाल्या. पुरावा मी स्वतः पाहिला आहे. कुटुंबाच्या इच्छेमुळे नाव देत नाही.’

पहिलं उत्तर दहा मिनिटांत आलं. पुरावा दाखवा. दुसरं, फोटो कुठे आहे? तिसरं एका विक्रेत्याचं, त्यानं सभ्य शब्दांत विचारलं होतं की सात वर्षांनी अचानक हे का. कनकाबाईंनी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं, पुरावा आहे, दाखवता येत नाही. संध्याकाळपर्यंत कोणीतरी लिहिलं, ‘मिस्टर बाईंचं वय झालं असावं.’ त्यावर चार जणांनी हसरे चेहरे टाकले. यॉर्कशायरच्या गृहस्थांनी खाजगी पत्र लिहिलं. तुमच्याबद्दल मला आदर आहे, पण नाव नसलेल्या ओळखीसाठी मी नाव असलेली ओळख खोडू शकत नाही, तुम्ही समजून घ्याल.

कनकाबाईंनी समजून घेतलं. त्यांच्या जागी त्याही हेच म्हणाल्या असत्या. मापनखोलीत कागदाविना त्यांनी स्वतः कोणाचं काही ऐकलं नव्हतं.

पण त्यानंतर सकाळी लॅपटॉप उघडला की विचारणा नसायची. आधी आठवड्याला पाच यायच्या, मग एक, मग एकही नाही. साडेपाचला दूध तापायचं, कॉफी गाळली जायची, आणि पुढे काय करायचं ते कळत नसे. त्या वेलचेरीच्या तळ्याभोवती फिरायला जाऊ लागल्या. तिथे रोज तीच माणसं भेटायची, मान हलवायची आणि पुढे जायची. एका बाईंशी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, किती वाजता येता? बाईंनी कानातला इअरफोन काढून ‘काय?’ म्हटलं. काही नाही, म्हणाल्या कनकाबाई. रविवारी मुरलीला सांगावं असं मनात आलं. सांगायला घेतलं तर आधी बाटली म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली, आणि चमच्यापर्यंत पोचायच्या आत तो म्हणाला, “अक्का, एक कॉल येतोय, पुढच्या वेळी?” पुढच्या वेळी त्यांनी विषय काढला नाही.

ऐप्पसी महिन्यात, ऑक्टोबर संपता संपता, पावसाची झड लागली असताना, कीर्तनाचा फोन आला. अज्जीला तुमच्याशी बोलायचंय म्हणते.

“कनका का?” सईबाईचा आवाज फोनमध्ये मोठा यायचा. “ऐक. नाव घाल.”

“अक्का?”

“मी विचार केला. दोन महिने तोच विचार. आईनं वाईट नाही केलं. बाबांनी नाही केलं. केलं ते केलं. पण ते रॉयपुरमवाले कोन? त्यांनी एक तरी चमचा धरला का?” ती दम घ्यायला थांबली. “आईचं नाव तुळजाबाई. आत्याचं सुंदराबाई. लिही. आणि औषधाच्या समजून करायच्या हे लिही. ते नाही लिहिलंस तर काही लिहू नको.”

“लिहिते,” कनकाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या पाऊस थांबायची वाट न बघता शोळिंगनल्लूरला गेल्या. डबीचे नऊ फोटो काढले, खरडीची रुंदी मोजली, सईबाईच्या करंगळीचाही फोटो घेतला. मग तो ठेवावा की काढून टाकावा याचा घरी येऊन बराच विचार केला आणि काढून टाकला. दोन दिवस त्या मजकूर लिहीत होत्या. अहवाल लिहायची सवय, त्यात ‘समजून’ हा शब्द कुठे बसवायचा तेच जमेना. शेवटी त्यांनी बनवणाऱ्यांची नावं लिहिली, वर्ष लिहिलं, जागा लिहिली, आणि खाली एक ओळ घातली. ‘या दोन स्त्रिया आणि सहा वर्षांची मुलगी यांचा समज होता की या बाटल्या आजारी सैनिकांच्या औषधासाठी आहेत.’ सगळ्यात शेवटी लिहिलं, ‘डाखाबद्दल मी पूर्वी अननुभवी असा शेरा दिला होता. तो मागे घेते.’ सही करताना पहिल्यांदाच त्यांनी संपूर्ण नाव लिहिलं. कनकाबाई, निवृत्त तपासनीस.

मंडळात फारसं काही झालं नाही. विक्रेता गप्प राहिला. यॉर्कशायरच्या गृहस्थांनी कळवलं की पुस्तिका छापणाऱ्यानं दुकान बंद केलंय, नवी आवृत्ती निघणार नाही, पण आपल्या प्रतीत त्यांनी जुनं नाव खोडून नवं लिहिलं आहे. टास्मानियातल्या एकानं खरडीची रुंदी दशांशात विचारली. कनकाबाईंनी दिली. मिस्टर असं मात्र त्यानंतर कोणी लिहिलं नाही; कोणी काहीच लिहिलं नाही.

पंधरा दिवसांनी त्या सईबाईकडे गेल्या, लिहिलेलं वाचून दाखवायला. इंग्रजीतून एकेक वाक्य मराठीत आणत, अडखळत. ‘निवृत्त तपासनीस’पर्यंत पोचल्या तेव्हा सईबाईनं डोळे मिटले होते. झोपली असं वाटून कनकाबाईंनी कागदाची घडी केली.

“कोनी वाचलं?” डोळे न उघडता तिनं विचारलं.

“नऊ जणांनी.” मंडळातल्या मजकुराखाली तो आकडा दिसायचा.

“नऊ,” सईबाई म्हणाली. जरा वेळानं पुन्हा म्हणाली, “नऊ. काय म्हणाले?”

“एकानं रुंदी विचारली.”

“सांगितलीस?”

“सांगितली.”

“बरं केलंस.”

पुढे ती खरंच झोपली. कनकाबाई थोडा वेळ बसल्या. कीर्तनाची मुलगी आतल्या खोलीत रडत होती आणि कोणीतरी तमिळमध्ये तिची समजूत काढत होतं. मग त्यांनी तिच्या पायांवरची चादर सरळ केली, दार हलकेच ओढलं आणि लिफ्टनं खाली आल्या. कंपन्या सुटायची वेळ होती. बसमध्ये सगळे आपापल्या फोनकडे बघत उभे होते. वेलचेरीतल्या विजयनगरच्या स्टँडवर त्या उतरल्या. रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. चपला हातात घेऊन, कडेकडेनं, त्या घराकडे चालू लागल्या.